क्लासिक गाड्यांच्या चाकावरची 'स्पिनर कॅप': शोभेची वाटणारी ही वस्तू मुळात होती तरी काय, आणि ती नव्याने बनवायची कशी?

जुन्या गाड्यांची रॅली बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी बॉनेटवर जाते, मग हेडलाइटवर आणि तिसरी चाकावर. चाकाच्या बरोबर मधोमध दोन किंवा तीन पात्यांचं एक चमकदार क्रोमचं फूल बसवलेलं असतं. गाडी हलली की ते गरगर फिरतं आणि ऊन पडलं की डोळे दिपवतं. यालाच 'स्पिनर' म्हणतात. पाती ज्या टोपीवर बसवलेली असतात, ती 'स्पिनर सेंटर कॅप'.

(गाडी थांबल्यावरही फिरत राहणाऱ्या रिम २००० नंतरच्या काळात गाजल्या. त्यांनाही स्पिनरच म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट. इथे विषय आहे तो क्लासिक गाड्यांच्या पात्यांच्या टोपीचा.)

आज जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्यांना अनेकदा मूळ टोप्या मिळत नाहीत. चारपैकी एक हरवलेली असते, दुसरीचं क्रोम उडालेलं असतं. मग नवीन बनवून घ्यावी लागते. वरवर हे काम सोपं वाटतं, पण टोपी बनवण्याआधी तिचा इतिहास माहीत असणं गरजेचं आहे. कारण ही वस्तू मुळात शोभेची नव्हतीच. तो चाक धरून ठेवणारा नट होता!

सायकल कंपनीची करामत

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात पंक्चर ही रोजची कटकट होती. चाक गाडीला कायमचं बसवलेलं असायचं. त्यामुळे रस्त्यातच टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि पुन्हा हवा भरायची. शर्यतीत तर यातच हार-जीत ठरायची.

यावर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या रज-व्हिटवर्थ या सायकल बनवणाऱ्या कंपनीने उपाय काढला. तारांच्या स्पोकचं चाक खाचा असलेल्या हबवर सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट आवळायचा. नटाला दोन कान ठेवले. त्या कानांवर हातोडा मारला की नट सैल होणार आणि चाक हातात येणार. म्हणूनच या प्रकाराला 'नॉक-ऑफ' हे नाव पडलं.

ही युक्ती इतकी वेगवान ठरली की १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत अशी सुटी होणारी चाकं वापरायला मनाईच करण्यात आली. पण पुढे हीच चाकं सगळीकडे पसरली. १९२३ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा तिथे ठेवलेल्या चषकालाही रज-व्हिटवर्थचंच नाव होतं.

उलट्या आट्यांचं गणित

एकाच नटावर अख्खं चाक, मग तो चालत्या गाडीत सुटत कसा नाही? याचं उत्तर सायकलमध्ये सापडतं. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे कोणताही सायकलवाला सांगेल. फिरणाऱ्या भागावर दाब येतो तेव्हा आट्यांमधल्या किंचित मोकळ्या जागेमुळे जोड हळूहळू एका दिशेने सरकतो. ती दिशा सुटण्याची न ठेवता आवळण्याची ठेवायची, एवढीच यातली युक्ती.

बहुतेक ब्रिटिश गाड्यांच्या तारांच्या चाकांवर डाव्या बाजूला सुलटे आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे. नट सोडवताना तो चाकाच्या पुढे जाण्याच्या दिशेने फिरवायचा आणि आवळताना त्याच्या उलट. हातोडाही तांब्याचा किंवा शिशाचा लागतो. लोखंडी हातोड्याने क्रोम उडतं आणि कान वाकतात.

डाव्या-उजव्या बाजूच्या हबची अदलाबदल झाली, तर हीच युक्ती उलटते आणि चालत्या गाडीत नट आपोआप सैल होऊ लागतो. स्पिनर बनवताना डावं-उजवं पक्कं करण्याची सवय इथूनच येते.

नट गेला, पाती राहिली

शर्यतीच्या गाड्यांवर कानांचे नट दिसायचे, त्यामुळे 'कान म्हणजे वेग' हे समीकरण लोकांच्या मनात बसलं. मग अमेरिकेतल्या कंपन्यांनी साध्या, पाच बोल्टच्या चाकांवर नुसत्या देखाव्याच्या पात्या बसवायला सुरुवात केली.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९५३ ची ओल्ड्समोबिल फिएस्टा. ही गाडी फक्त ४५८ बनली, पण तिच्या तीन पात्यांच्या व्हील कॅपने असं वेड लावलं की हौशी लोक त्या टोप्या आपल्या भलत्याच गाड्यांवर लावू लागले. पुढे शेव्हरोले इम्पाला सुपर स्पोर्ट आणि फोर्ड मस्टँगच्या चाकांवरही स्पिनर दिसले. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधल्या 'लोरायडर' गाड्यांवर तर तारांची चाकं आणि दोन-तीन पात्यांचे स्पिनर ही ओळखच बनून गेली.

म्हणजे आता दिसायला सारख्या असणाऱ्या दोन वस्तू बाजारात होत्या. एक चाक धरून ठेवणारी, दुसरी नुसती नटासारखी दिसणारी.

कायद्याने पाती का कापली?

चाकाबाहेर आलेलं पातं फिरत असताना पायी चालणाऱ्याच्या पायाला किंवा शेजारच्या सायकलवाल्याला लागलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानक क्रमांक २११ ने प्रवासी गाड्यांच्या नटांवर आणि व्हील कॅपवर बाहेर आलेली पाती ठेवायला बंदी घातली.

परिणाम लगेच दिसले. शेव्हरोले कॉर्व्हेटला १९६६ पर्यंत एका मध्यवर्ती नटाची ॲल्युमिनियमची चाकं मिळायची. १९६७ च्या मॉडेलला तशीच दिसणारी, पण पाच बोल्टची चाकं आली आणि मधली टोपी बिनपात्याची झाली. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीवर कान जाऊन आठ कोनांचा नट आला आणि तो सोडवायला खास पाना द्यावा लागला.

अमेरिकेतलं ते मानक १९९६ मध्ये रद्द झालं. पण गाडीबाहेर आलेल्या भागांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २६ आजही पात्यांच्या नटांना परवानगी देत नाही. व्हील कॅपचा कोणताही टोकदार भाग रिमच्या बाहेरच्या पातळीपलीकडे येता कामा नये, असंही तो सांगतो.

नवीन स्पिनर कॅप बनवायची तर...

१. आधी ठरवा: नट की टोपी?
नट बनवायचा असेल, तर तो घरगुती डिझाइनचा किंवा गल्लीतल्या लेथवरचा विषयच नाही. त्यावर माणसांचा जीव असतो. तो त्या चाकासाठीच बनलेला, योग्य आट्यांचा आणि चाचणी झालेला विकत घ्यावा. हौसेने डिझाइन करायची ती फक्त टोपी. बोल्टच्या चाकावर बसणारी आणि निघाली तरी चाक जागेवर राहील अशी.

२. मापं घ्या, तीही चारही चाकांची
मधल्या भोकाचा व्यास आणि कडेची जाडी व्हर्निअरने मोजायची. त्यानंतर हब किती पुढे आलंय ते पाहायचं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या हबवर बेअरिंगची ग्रीसची टोपी असते आणि ती मागच्या हबपेक्षा बरीच पुढे येते. एकाच चाकाचं माप घेऊन चार टोप्या बनवल्या, तर पुढच्या दोन बसतच नाहीत.

शेवटी रिमवर एक सरळ पट्टी आडवी धरायची आणि तिथपासून हबपर्यंतची खोली मोजायची. स्पिनरसाठी एवढीच जागा आहे. पातं पट्टीला टेकलं, तर डिझाइन चुकलं.

३. धरून ठेवणारी व्यवस्था
स्प्रिंग स्टीलच्या चापांची टोपी लावायला सोपी, पण वळणावर स्टीलचं चाक थोडं लवचतं आणि टोपी उडू शकते. चाकाच्या मागून घालून चाक आणि हबमध्ये अडकवलेली टोपी जास्त भरवशाची. तिसरा मार्ग म्हणजे खाली एक बैठक घट्ट बसवायची आणि टोपी तिला स्क्रूने जोडायची. नुसत्या गोंदावर विसंबून राहू नये.

का, ते एका हिशोबावरून कळेल. ६५ सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला ८०० हून जास्त फेरे घेतं. अशा वेळी मध्यापासून ५ सेंटिमीटरवर बसवलेला ५० ग्रॅमचा तुकडा बाहेरच्या दिशेने जवळपास १.९ किलो वजनाइतका ओढला जातो. असा तुकडा सुटला, तर तो रस्त्यावर नुसता पडत नाही, भिरकावला जातो.

४. पात्यांचा आकार
दोन पाती असतील तर समोरासमोर, तीन असतील तर १२० अंशांवर. वजन मध्यावर जुळलं नाही, तर चाक थरथरतं. कडा धारदार ठेवायच्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच नियमात बाहेरच्या भागांच्या कडांना साधारणपणे किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सांगितली आहे, ती इथेही पाळलेली बरी.

पाती तिरकी किंवा वाकडी असतील, तर दोन टोप्या डाव्या आणि दोन उजव्या लागतात, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या. चारही सारख्या बनवल्या, तर एका बाजूने गाडी पुढे धावताना दिसते आणि दुसऱ्या बाजूची पाती उलटी फिरल्यासारखी वाटतात.

५. आधी नमुना, मग धातू
हल्ली थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढून तो चाकावर बसवून बघता येतो. पण तो नमुनाच! प्रिंटिंगमधलं नेहमीचं पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं आणि ब्रेकची उष्णता हबपर्यंत पोहोचते.

अंतिम टोपी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरता येते किंवा पितळेत ओतता येते. ओतकाम करायचं असेल, तर साचा थोडा मोठा ठेवावा लागतो, कारण थंड होताना धातू आक्रसतो. ॲल्युमिनियमसाठी ही वाढ साधारण १.३ टक्के धरतात. साच्यातून नमुना नीट निघावा म्हणून बाजूंना एक ते तीन अंशांचा उतारही द्यावा लागतो. जुन्या टोप्या अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असायच्या. क्रोमखाली ओल शिरली की त्यांच्यावर फोड येतात, म्हणून त्या दुरुस्त करणं अवघड जातं.

६. क्रोम सगळ्यात शेवटी
क्रोम म्हणजे एकच थर नाही. चांगल्या कामात खाली तांबं, मग निकेल आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर असतो. चमक खरी येते ती खालच्या पॉलिशमुळे. पृष्ठभागावरचा ओरखडा क्रोम झाकत नाही, उलट जास्त उठून दिसतो. सगळे थर मिळून काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर दहा-वीस-तीस मायक्रॉनची भर पडते, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या जागा आणि आटे थोडे सैल ठेवावे लागतात.

७. चाचणी
टोपी बसवून आधी चाक हवेत उचलून हाताने फिरवायचं. मग कमी वेगाने छोटा फेरा मारायचा आणि थांबून प्रत्येक टोपी हाताने हलवून बघायची. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर तपासणी पुन्हा करायची.

भारतात काय लक्षात ठेवावं?

या गाड्यांचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी केली. पुढे फिएट आणि पद्मिनीही तिथूनच बाहेर पडल्या. यातल्या कितीतरी गाड्या आजही हौसेने जपल्या जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीत असलेली माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशा गाडीसाठी मूळ टोपीची हुबेहूब प्रतिकृती बनवणं केव्हाही चांगलं. पाती बाहेर येणारी असतील, तर ती प्रदर्शनापुरती ठेवावीत आणि गर्दीच्या रस्त्यावर उतरताना सपाट टोपी लावावी.

पुढच्या वेळी रॅलीत असं क्रोमचं फूल दिसलं, तर थोडं वाकून बघा. कानांवर हातोड्याच्या खुणा असतील, तर तो खरा नट असण्याची शक्यता आहे. मागे पाच बोल्ट लपलेले असतील, तर ती त्या नटाची आठवण जपणारी टोपी आहे.