कुरव आणि भीमेचं पाणी

हिवाळ्यात भिगवणजवळच्या कुंभारगावाहून होडीने निघालं की मच्छीमारांच्या जाळ्यांवर कुरवांचा गलका ऐकू येतो. पांढरं डोकं, कानामागे गडद ठिपका. काळा-तपकिरी रंग डोक्यावर चढतो तो परतीच्या सुमारास. यांतले काही लडाख-तिबेटकडचे. पाहुणे जुनेच असतील, पण इथलं एवढं पाणी जुनं नाही. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमा समुद्रासारखी पसरली.

भीमाकाठच्या इतिहासाचा विषय निघाला की मला हमखास औरंगजेबाबद्दल विचारलं जातं. माझ्या नावामुळे असावं. खाली मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला त्याची छावणी होती, १६९५ ते १६९९, चार वर्षं. तिच्यावर ग्रंथ आहेत, भांडणंही आहेत. आमची होडी ज्या शेतांवरून जाते, त्या शेतांबद्दल मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. काठावरची गावंच्या गावं उठली. पळसदेवही उठलं, नव्या जागी वसलं. पळसनाथाचं प्राचीन देऊळ तेवढं पाण्यात राहिलं. दुष्काळात धरण आटलं की ते उघडं पडतं आणि लोक चिखल तुडवत बघायला जातात.