श्रवणयंत्र, डायल टोन आणि वय

इंजिनिअरिंगला आम्हाला ट्रान्झिस्टर शिकवला तो रेडिओ आणि संगणकाच्या संदर्भात. पण ट्रान्झिस्टर वापरून सामान्य ग्राहकांसाठी विक्रीला आलेली पहिली वस्तू होती श्रवणयंत्र. डिसेंबर १९४७मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. १९५२च्या अखेरीस सोनोटोन कंपनीचं ‘१०१०’ हे यंत्र आलं. ट्रान्झिस्टर रेडिओ आला त्यानंतर, १९५४मध्ये.

आधीच्या यंत्रांमध्ये निर्वात नळ्या असत आणि त्यांना भराभर संपणाऱ्या बॅटऱ्या लागत. ट्रान्झिस्टरने वजन आणि बॅटरीचा खर्च दोन्ही कमी केले. तरी एक अडचण उरलीच. यंत्र लावलं की आपलं वय चारचौघांत जाहीर होतं, ही लाज कुठलंही सर्किट घालवू शकत नव्हतं. म्हणून पन्नाशीच्या दशकातच श्रवणयंत्र चष्म्याच्या काड्यांमध्ये दडवलं गेलं. चष्म्यातच का? तो शाळकरी पोरंही लावतात, त्यावरून कोणी वय मोजत नाही.

पुढे हाच पेच मोबाईलपुढे आला. १९७३मध्ये हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर आणि त्यांच्या पत्नी आर्लिन हॅरिस यांनी २००६मध्ये अमेरिकेत ‘जिटरबग’ नावाचा फोन आणला. मोठी बटणं, ठळक अक्षरं, मदतीला ऑपरेटर. मला सर्वांत आवडते ती त्यातली डायल टोन. मोबाईलच्या नेटवर्कला तिची गरज नसते. ती मुद्दाम वाजवली जाई. रिसीव्हर उचलल्यावर आयुष्यभर ज्या आवाजाने ‘लाइन चालू आहे’ असं सांगितलं, तो आवाज तिथे होता. नावही म्हातारपणाचं नव्हतं. १९३०-४०च्या दशकांत तरुणाईने डोक्यावर घेतलेल्या नाचाचं होतं. २०१८मध्ये बेस्ट बायने ही कंपनी ८० कोटी डॉलरना विकत घेतली.

‘ज्येष्ठांना तंत्रज्ञान जमत नाही’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येतं. मला हा इतिहास वेगळं सांगतो. त्यांना वस्तू नको असते असं नाही. वस्तूसोबत चिकटवलेली ‘म्हातारा’ ही चिठ्ठी नको असते. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘ज्येष्ठांसाठी’ असं वेगळं बटण द्यायची सूचना आली की मी म्हणतो, त्याला ‘मोठी अक्षरं’ म्हणा आणि सगळ्यांना द्या. उन्हात उभ्या असलेल्या पंचविशीच्या मुलालाही ती लागतात. आणि सत्तरीतल्या आजोबांना ती वापरण्यासाठी आधी आपलं वय कबूल करावं लागत नाही.