मोडती रायफल आणि तिचा नेम

शस्त्रांच्या इतिहासात ज्या शस्त्रांनी लढाया जिंकल्या त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. शेतातला कावळा किंवा ससा टिपण्यासाठी जन्मास आलेल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या आणि बिजागरीवर मध्येच मोडणाऱ्या लहानशा रायफलीची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. घेतली ती बहुधा तिला नावे ठेवण्यासाठी. जी बंदूक मध्येच मोडते तिचा नेम तो काय लागणार, असे मत पुष्कळ जाणत्यांच्या तोंडीही ऐकू येते. या मतात तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, हे पाहण्यासारखे आहे. कारण या प्रश्नाचा धागा पुढे आपल्या दादरपर्यंत येऊन पोहोचतो.

अशा घडणीची बंदूक बहुतेक वाचकांनी हाती धरलेली असते, मात्र ती दारूची नव्हे तर हवेची. चौपाटीवर वा जत्रेत फुगे फोडावयास जी छऱ्याची बंदूक मिळते, तिची नळी खाली मोडली म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि उघड्या पडलेल्या बुडात छरा बसवता येतो. फुगा चुकला की आपण दोष देतो तो बिजागरीला. खरा दोषी बहुधा झिजलेली नळी, वाकलेली माशी किंवा ढिला स्क्रू असतो. आणि धरणाऱ्याचा हात असतो, हे सांगण्याचे धाडस दुकानदार करीत नाही.

दारूच्या मोडत्या रायफलीत मोडण्याचे काम एवढेच की नळीचे बूड उघडावे आणि काडतूस घालता यावे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असल्या एकबारी रायफलींचा एक सबंध वर्गच निर्माण झाला. रूक नावाचा तिकडचा काळा पक्षी पिकांचा वैरी. त्याला मारावयाच्या म्हणून त्या ‘रूक रायफली’. .३०० मापाच्या रूक काडतुसात सुमारे ८० ग्रेन वजनाची शिशाची गोळी असे. आवाज थोडा, धक्का थोडा. ही खेळणी होती असे मात्र कोणी समजू नये. १८८३ साली ‘फील्ड’ या शिकारविषयक पत्राने रायफलींच्या ज्या जाहीर परीक्षा घेतल्या, त्यांत रूक रायफलींस स्वतंत्र वर्ग होता, आणि हॉलंड अँड हॉलंड या पेढीने सर्वच्या सर्व दहा वर्ग जिंकले. उत्तम कारागिराच्या हातून उतरलेल्या मोडत्या रायफलीचा नेम पारखून घेण्याजोगा मानला जात होता, याला याहून निराळा पुरावा नको.

अमेरिकेत हेच काम जोशुआ स्टीव्हन्स यांनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. त्यांनी १८६४ साली बूड वर उचलले जाणाऱ्या मोडत्या नळीच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले आणि त्याच रचनेवर पुढे हलक्या रायफली काढल्या. त्यांच्याच कारखान्यातून १८८७ साली .२२ लाँग रायफल हे काडतूस बाहेर पडले. नेमबाजीच्या इतिहासात याच्याइतके चिवट काडतूस दुसरे नाही. इंग्लंडात बोअर युद्धाच्या काळात, १९०१ साली, लहान रायफलींच्या मंडळांची संस्था निघाली आणि स्वस्त .२२ पुढे रूक रायफली मागे पडल्या. कित्येकांच्या नळ्यांत नवी नळी बसवून त्यांना .२२ करून घेण्यात आले.

मग बिजागरी हरली कोठे? बार उडताच काडतुसाचे बूड मागे रेटा देते. बोल्टच्या रायफलीत हा रेटा नळीच्या लगतच दोन खुंट्यांवर सारखा वाटला जातो. मोडत्या रायफलीत तो चौकटीच्या उभ्या भिंतीवर पडतो. बिजागरी नळीच्या रेषेखाली असल्यामुळे चौकट किंचित ताणली जाते. मोठ्या काडतुसास हे बाधते, लहान काडतुसास जवळजवळ नाही. माशी आणि मागची खाच ही दोन्ही नळीवरच असली तर बिजागरीतील थोड्याशा सैलपणाने नेम बिघडत नाही, कारण डोळा आणि नळी एकत्रच हलतात. खरी अडचण निराळी आहे. दर वेळी बंदूक सारख्याच जोराने मिटली पाहिजे, खटका सारखाच खोल बसला पाहिजे, नळीखाली टांगलेल्या लाकडाचा दाब सारखाच राहिला पाहिजे. शिवाय जुना बाहेरचा घोडा सावकाश पडतो, आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतच्या त्या निमिषात हात हलतो. मोडती रायफल नेम चुकवते असे नव्हे. ती चालवणाऱ्याकडून एकसारखेपणाची सक्त वसुली करते. स्वतः स्टीव्हन्सचा कारखानाही १८९० नंतर खाली सरकणाऱ्या ठोकळ्याच्या रचनेकडे वळला. तरी बिजागरी मेली नाही. १९६७ साली वॉरन सेंटर यांच्या आराखड्यावरून निघालेल्या काँटेंडर या मोडत्या एकबारी पिस्तुलाने २०० मीटरवरचे लोखंडी मेंढे पाडण्याच्या स्पर्धांत मोठे नाव मिळवले.

आपल्याकडे पिकांचे वैरी काही कमी नव्हते. कोकणातल्या शेतकऱ्यास वानर आणि रानडुक्कर यांची ओळख करून द्यावयास नको. परंतु १८७८ च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांस परवान्याच्या जाळ्यात अडकवले आणि युरोपियनांस नियमांन्वये सूट दिली. नेमबाजी हा त्यामुळे साहेबांचा, संस्थानिकांचा आणि शिपायांचा विषय होऊन बसला. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा वाचला म्हणजे एक मौज दिसते. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी निदान वीस इंची गुळगुळीत नळीची बंदूक, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि .२२ ची रायफल वा हवेची रायफल मान्यताप्राप्त रायफल मंडळाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठी, अशी त्याने वाटणी केली. ज्याच्या शेतात जनावर शिरते त्याच्या हाती नेम नसलेली नळी, आणि आटेदार नेमाची नळी कागदी निशाणापुढे! कायदेकर्त्यांच्या मनात सुरक्षिततेची काळजी असेल. परंतु रूक रायफल ज्या कामासाठी निघाली ते काम येथे तिला मिळालेच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीचा मार्गच बंद केला.

या वाटणीचा एक लाभ मात्र शहरातल्या मुलामुलींस झाला. दादरच्या समुद्राजवळच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या वाटेने अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, रायफलीकडे आल्या. १९८८ साली, रायफल हाती धरल्यापासून आठवड्याच्या आत त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवले, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या. शिवाजी पार्कसमोरच्या सावरकर स्मारकात मध्यमवर्गीय घरांतील मुले हवेच्या रायफलीवर हात बसवीत आली आहेत. ज्या विद्येपासून त्यांच्या पणजोबांस कायद्याने दूर ठेवले, ती त्यांना शाळा सुटल्यावर शिकता येते.

हवेच्या रायफलीतही बिजागरीने सहजासहजी हार पत्करली नाही. जर्मनीत वॉल्थरने १९६० नंतरच्या वर्षांतही मोडत्या नळीच्या स्पर्धायोग्य रायफली काढल्या. नळी मिटल्यावर ती हलू नये म्हणून तिला निराळा खटका दिला. दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि छरा साडेचार मिलिमीटरचा. तेथे हलणारी नळी अखेर टिकली नाही, आणि पक्क्या नळीने तिची जागा घेतली.

पन्नास मीटरच्या .२२ रायफलीची कथाही अशीच. तेथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे आणि नियमाने रायफल एकबारीच असावी लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पालथे पडून मारण्याच्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातलेच, मध्य रेल्वेत नोकरी करणारे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक आणले. दोघांच्याही रायफली बोल्टच्या, न मोडणाऱ्या. पण त्यांत एकेक करून घातलेले काडतूस मापाने तेच होते, जे १८८७ साली स्टीव्हन्सच्या कारखान्यात मोडत्या रायफलींच्या शेजारी तयार झाले.