पुसलेला 0-0

2022 च्या आशियाई महिला फुटबॉल करंडकाच्या गुणतक्त्यात भारत शोधून बघा. एकही निकाल सापडणार नाही. स्पर्धा मात्र आपल्याकडेच होती: मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात बालेवाडी. 20 जानेवारीला नवी मुंबईत भारत-इराण सामना 0-0 बरोबरीत सुटलाही होता. मग संघात कोरोना शिरला. 23 तारखेला चिनी तैपेईविरुद्ध नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूही उरल्या नाहीत. भारत स्पर्धेबाहेर, आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द!

याच स्पर्धेत 1980 साली कालिकतला भारत उपविजेता होता, तोही चिनी तैपेईकडूनच हरून. जुने तक्ते संशोधनात वापरायचे तर त्या काळची वर्तमानपत्रं शेजारी ठेवावी लागतात, ती यासाठी. तक्त्यात निकाल राहतो; त्या दिवशी नव्वद मिनिटं कोण धावलं, ते बातमीतच सापडतं.