गावाची शाळा की खाजगी शाळा? : सेंट जॉन्सबरी अकादमीचा इतिहास

शाळेचा इतिहास सांगताना आपण बहुधा संस्थापकांच्या त्यागापासून सुरुवात करतो. सेंट जॉन्सबरी अकादमीची गोष्ट मात्र एका वजनकाट्यापासून सुरू करावी लागते. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेलगत, व्हरमाँट हे लहानसे डोंगराळ राज्य आहे. तेथील सेंट जॉन्सबरी या गावात थॅडियस फेअरबँक्स हा कल्पक कारागीर वाखाच्या व्यवसायात होता. वाखाने भरलेली गाडी तोलायची म्हणजे ती साखळ्यांनी उचलून टांगायची. त्यात मेहनत फार आणि अंदाजच अधिक. त्याने खड्ड्यात तरफांची रचना करून वर फळ्यांचा मंच बसवला. गाडी मंचावर उभी केली की वजन कळे. १८३१ मध्ये त्याला या काट्याचे पेटंट मिळाले आणि पुढे फेअरबँक्स बंधूंचा काटा जगभर विकला गेला.

१८४२ मध्ये थॅडियस, इरॅस्टस आणि जोसेफ या तिघा भावांनी अकादमी स्थापन केली. आपल्या मुलांना आणि गावातील मुलांना बौद्धिक, नैतिक आणि धार्मिक शिक्षण मिळावे, हा त्यांचा हेतू होता. या हेतूतील 'आपली मुले' आणि 'गावातील मुले' यांचा एकत्र उल्लेख सहज वाटतो; पण अकादमीच्या पुढील पावणेदोनशे वर्षांतील सारी गुंतागुंत त्यातच आहे. पैसा कारखानदाराचा, विश्वस्त त्याने नेमलेले, आणि वर्गात मात्र शेतकऱ्यांची, कामगारांची मुले. याच घराण्यातील होरेस फेअरबँक्स याने १८७१ मध्ये गावाला अथेनियम हे ग्रंथालय बांधून दिले आणि त्याला जोडलेल्या कलादालनात बीअरस्टाट या चित्रकाराचे योसेमिटीच्या कड्यांचे सुमारे दहा फूट उंच, पंधरा फूट रुंद चित्र आणून लावले. एवढ्याशा गावात एवढे चित्र! घराण्याच्या औदार्याची आणि हौसेची सीमारेषा येथे सापडत नाही, आणि ती शोधण्याचे कारणही नाही.

खरी महत्त्वाची घटना त्यामानाने कोरडी, कायद्याची आहे. व्हरमाँटमधील लहान गावांना स्वतःचे हायस्कूल चालवणे परवडत नसे. १८६९ पासून तेथे अशी पद्धत रूढ झाली, की गावाने आपल्या मुलाची फी जवळच्या अकादमीला करातून द्यावी. सेंट जॉन्सबरीची सार्वजनिक शाळा आजही आठवीपर्यंतच आहे; नववीपासून गावची बहुतेक मुले अकादमीत जातात. म्हणजे फी करदात्याची. पण कारभार पाहणारे विश्वस्त त्याने निवडून दिलेले नाहीत. अनुदानित महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा संसार अगदीच अनोळखी वाटू नये.

१८९१ च्या वसंतात कॅल्विन कूलिज हा व्हरमाँटच्याच खेड्यातील दुकानदाराचा मुलगा येथे एका सत्रापुरता आला. आदल्या वर्षी अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा आजारपणामुळे हुकली होती. अकादमीचे प्रमाणपत्र असले, की परीक्षेशिवाय प्रवेश मिळत असे. खेड्यातील मुलाला महाविद्यालयाचे दार उघडून देणे हे अकादमीचे काम, ते तिने चोख केले. हाच मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि मे १९२४ मध्ये त्याने स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने आशियातील लोकांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी येणे जवळजवळ अशक्य करून टाकले. विद्यार्थ्यांची गणना मात्र वेगळी ठेवली होती : शिकायला या, राहायला नको.

मधल्या काळात कारखान्याचे छत्र हटले. १९१६ मध्ये कंपनीची सूत्रे गावाबाहेर, फेअरबँक्स मोर्सकडे गेली. आश्रयदाते घराणे नसलेली अकादमी मग दोन आधारांवर उभी राहिली : गावांकडून येणारी फी, आणि वसतिगृहात राहणाऱ्या दूरदेशीच्या विद्यार्थ्यांची फी. हे परदेशी विद्यार्थी शेजारच्या सरकारी हायस्कुलात का जात नाहीत, याचे उत्तर १९९६ च्या कायद्यात आहे. विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या मुलाला सरकारी हायस्कुलात जास्तीत जास्त बारा महिने, आणि तेही पूर्ण खर्च भरून, शिकता येते. खाजगी शाळेला ही मर्यादा नाही. गावासाठी जी शाळा जवळजवळ सार्वजनिक, तीच परदेशी मुलासाठी खाजगी असावी लागते. 'खाजगी' हा शब्द येथे मालकी सांगण्यापेक्षा अधिक काम करतो. तो वसतिगृहाच्या खोल्या भरतो.

म्हणून 'स्थानिकांच्या शाळेत बाहेरचे पाहुणे' हे सोपे चित्र आम्हाला पुरेसे वाटत नाही. बहुसंख्य मुले आजही आसपासच्या गावांतून रोज येणारी आहेत, हे खरे. पण एवढ्याशा वस्तीच्या हायस्कुलाला पेलणार नाहीत इतके विषय त्यांना शिकायला मिळतात, त्यात दूरदेशीच्या मुलांच्या फीचा वाटा असतो. आश्रित कोण आणि आश्रयदाता कोण, हे १८४२ मध्ये स्पष्ट होते. आता तसे नाही.

२०१७ मध्ये अकादमीच्याच नावाची एक शाखा दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर सुरू झाली. शिक्षणासाठी परदेशी जाणारी कोरियन मुले देशातच राहावीत, म्हणून तेथील सरकारने उभारलेल्या शिक्षणनगरीत ही शाळा आहे. कूलिजच्या शाळेचे नाव आशियात गेले ते असे, निमंत्रणावरून. इकडे व्हरमाँटमध्ये २०२५ मध्ये शिक्षण-सुधारणेचा मोठा कायदा झाला आणि करातील पैसा कोणत्या स्वतंत्र शाळांना मिळावा, यावर त्याने नव्या अटी घातल्या. शाळेतील किती मुलांची फी सार्वजनिक पैशातून येते, हे आता त्या अटींनुसार मोजले जाते.