पर्यवेक्षकाकडून होणारा भेदभाव (कर्जत–खालापूर)

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील खोपोली–खालापूर औद्योगिक पट्टा व लगतच्या कर्जत तालुक्यातील कामगारांना पर्यवेक्षकाच्या पक्षपाताविरुद्ध उपलब्ध असलेला कायदेशीर उपाय. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याची चौथी अनुसूची गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकते माप देणे ही अनुचित प्रथा मानते; तक्रार 90 दिवसांत औद्योगिक न्यायालयात करायची असते. केंद्राच्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही प्रथा अनुचितच ठरवली आहे.

खरी अडचण कंत्राटी कामगारांची. सिप्ला प्रकरणात (2001) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मालक–कामगार नाते वादग्रस्त असेल तर ते आधी सिद्ध झाले पाहिजे. तोवर 1971 च्या कायद्याखालील तक्रार टिकत नाही. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाटेत हा अडसर आहे. म्हणून गेटपास, हजेरीपत्रक, पगाराची पावती जपून ठेवणे अत्यावश्यक ठरते.

जातिवाचक अपमानासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, तर लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा लागू होतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती (कातकरी, ठाकूर यांसह) आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, दूरध्वनी 15100.