दारचा नाताळदीप

या महोत्सवी स्मरणिकेत आपल्या देवालयाच्या भिंती, घंटा व वेदी यांचा वृत्तांत इतर लेखकांनी दिलाच आहे. मी वाचकांस देवालयाबाहेर, त्यांच्याच घराच्या ओट्यावर नेऊ इच्छितो. आगमनकाळ सुरू झाला म्हणजे दोन प्रश्न मजकडे हटकून येतात. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा दिसणारा तारा ख्रिस्ती माणसाने वळचणीस टांगावा काय, हा पहिला. दुसरा विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली आलेला असतो : “फादर, यंदा घरातले माणूस गेले आहे, तेव्हा तारा लावू नये ना?” पहिल्या प्रश्नाने माझी झोप कधी मोडली नाही. दुसऱ्याने मोडली आहे.

दारी दिवा लावण्याची चाल कोणा एका देशाची नव्हे. फिलिपाईन बेटांत स्पॅनिश लोकांचा ‘फारोल’, म्हणजे कंदील, तेथील लोकांच्या जिभेवर ‘पारोल’ झाला. बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद, आत दिवा आणि आकार ताऱ्याचा. आपल्या मुलांनी खळ लावून केलेलाच जणू! १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तेथे पहाटेची मिस्सा होते, आणि शेतकरी मंडळी असे कंदील घेऊन अंधारातून देवालयाची वाट चालत. आज तेच तारे घरोघरी खिडकीत व दारात लटकतात. ज्या देशात बांबू उगवतो तेथील ख्रिस्ती माणूस बेथलेहेमचा तारा बांबूचाच करणार. शेजाऱ्याची हातोटी आपल्या हाती असली म्हणून श्रद्धा उसनी होत नाही.

आता आयर्लंडकडे वळू. तेथे नाताळच्या पूर्वरात्री खिडकीत मेणबत्ती ठेवितात व ती बहुधा घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून लावितात. बेथलेहेमात ज्यांस कोणी दार उघडले नाही, त्या मरिया व योसेफ यांस या घरी जागा आहे, असा त्याचा अर्थ. या ज्योतीमागे दुःखाचा इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील कॅथलिक प्रजेवर कडक कायदे लादले गेले, इ. स. १६९७ च्या कायद्याने बिशप व मठवासी धर्मगुरू यांस देशाबाहेर घालविले. परंपरा असे सांगते की, लपून फिरणाऱ्या धर्मगुरूस ती मेणबत्ती खुणेची असे : येथे ये, येथे मिस्सा कर. शिपायांनी विचारिले तर घरधनी पवित्र कुटुंबाचे नाव सांगे, आणि ते खोटेही नसे ! पुढे १८२९ साली कॅथलिकांस मोकळीक मिळाली, तरी मेणबत्ती राहिली. १९९० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या मेरी रॉबिन्सन यांनी आपल्या अधिकृत निवासाच्या खिडकीत एक दिवा सतत तेवत ठेविला. तो पोटासाठी देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांसाठी होता.

विजेच्या माळांचा जन्म इतका भाविक नाही. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे एडवर्ड जॉन्सन या गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यातील झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे लाविले. तो एडिसनच्या वीज कंपनीचा उपाध्यक्ष होता. तेव्हा त्यात भक्ती किती व जाहिरात किती, हे वाचकांनीच ठरवावे. झाड घरातच होते.

घराबाहेरील दिव्यांची डेन्व्हर शहरात सांगितली जाणारी हकीकत मात्र मला फार आवडते. १९१४ साली स्टर्जन नावाच्या एका वीज-कारागिराच्या घरी मूल आजारी होते. खाली येऊन नाताळचे झाड पाहण्याची त्यास शक्ती नव्हती. त्या कारागिराने साधे दिवे तांबड्या व हिरव्या रंगात बुडविले, तारेस जोडिले आणि खिडकीसमोरच्या अंगणातील वृक्षावर चढविले. मुलाने अंथरुणावरून पाहिले. रस्त्याने जाणारेही थांबू लागले, आणि पुढच्या वर्षांत शेजाऱ्यांनी आपापली झाडे उजळिली.

ज्या घरी बिछान्यावर मूल, त्या घरचे हे दिवे ! आयरिश मेणबत्ती लागली तीही भयाच्या रात्री. असे असता, दुखवट्याच्या घरी तारा नको, ही आपली रूढी कोठून आली ? शेजाऱ्यांविषयीच्या लाजेतून आली, असे माझे मत आहे; ख्रिस्तसभेने अशी आज्ञा केलेली नाही. मृताचा मान राखावा, रंगीत माळा व गाणीबजावणी खुशाल टाळावी. परंतु एक दिवा ?

आपल्या धर्मग्रामातील एका विधवा बाईने गेल्या नाताळात मला हेच विचारिले, व मी हेच सांगितले. ती काही न बोलता गेली. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मी त्या वाटेने मुद्दाम गेलो. ओट्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा तारा होता. मिस्सेहून परतणारी चार माणसे, जी एरवी दुखवट्याचे घर म्हणून मान खाली घालून पुढे गेली असती, ती पायऱ्या चढून आत गेली होती, आणि बाई त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवीत होती.